ऑपरेशनचा निकाल रजिस्टरमध्ये लिहा : आरोग्य विभागास आणि राज्यातील शल्यचिकित्सकांस खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक, आणि सरकारी व खासगी रुग्णालयांत शस्त्रक्रिया करणारे सर्व सर्जन व स्त्रीरोगतज्ज्ञ यांस,

सा.न.वि.वि.

मी नोकरीचा बहुतेक काळ राज्यातील ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत शल्यचिकित्सक म्हणून घालवला असून आता निवृत्त आहे. या पत्रात माझी मागणी एकच आहे, आणि ती सुरुवातीलाच मांडतो.

प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये एक जाडजूड रजिस्टर असते. त्यात रुग्णाचे नाव, वय, नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रियेचे नाव, सर्जन, भूलतज्ज्ञ, भुलेचा प्रकार आणि वेळ या नोंदी थिएटर सिस्टर न चुकता करतात. मात्र शस्त्रक्रियेआधी केलेले निदान प्रत्यक्षात खरे ठरले का, काढलेल्या अवयवाच्या तपासणीत काय निघाले, जखम नीट भरली का आणि तिसाव्या दिवशी तो रुग्ण कसा आहे, या चार प्रश्नांची उत्तरे त्या रजिस्टरमध्ये कुठेच नसतात. हे चार रकाने राज्यातल्या प्रत्येक थिएटरच्या रजिस्टरमध्ये, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे, सक्तीचे करावेत आणि ते भरले जातील एवढे मनुष्यबळ व पैसा त्यांच्यामागे उभा करावा, अशी माझी विनंती आहे.

वरवर पाहता ही कारकुनी सुधारणा वाटेल. मॉड्युलर ओटी (ऑपरेशन थिएटर), लॅप्रोस्कोपीचे संच, नव्या इमारती यांच्या मागण्या दरवर्षी वर जातात, आणि त्या जायलाच हव्यात. परंतु कोणत्याही जिल्हा रुग्णालयात गेल्या वर्षी किती सिझेरियन झाली असे विचारले, तर आकडा तिथल्या तिथे मिळतो. त्यांतल्या किती जणींच्या टाक्यांत पू झाला असे विचारले, तर फार तर डिस्चार्जच्या आधी वॉर्डात दिसलेल्या पूचा आकडा मिळतो. बाई पाचव्या-सातव्या दिवशी घरी जाते, दहाव्या दिवशी टाके लाल होतात, तान्ह्या बाळाला घेऊन एसटीने परत येणे जमत नाही, म्हणून ती गावातल्या डॉक्टरकडे जाते. तो दोन टाके मोकळे करतो, पू काढतो, औषध बदलून देतो, आणि ज्याने ते सिझेरियन केले त्या डॉक्टरला यातले काहीही कळत नाही. शस्त्रक्रियेच्या जखमेतील जंतुसंसर्गाची जगभर मान्य असलेली व्याख्या ३० दिवसांपर्यंतचा संसर्ग मोजते, शरीरात जाळी किंवा रॉड बसवला असेल तर काही शस्त्रक्रियांत ९० दिवसांपर्यंतचा. आपण पाच-सात दिवस मोजतो आणि आपला आकडा कमी आहे असे समाधान मानतो.

बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवून, पुढे त्याचे काय झाले हे नोंदवण्याचा आग्रह धरला होता. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला तो मानवला नाही, आणि त्यांनी १९१४ मध्ये तेथील राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचे निकाल मात्र त्यांनी छापले, आणि त्यांत स्वतःच्या १२३ चुकाही छापल्या. आज आपण त्यांच्या तोडीचा प्रांजळपणा एकदम मागू नये. पण आपल्याच माहितीसाठी निकाल लिहून ठेवायला तरी शंभर वर्षे पुरेशी आहेत.

चार रकान्यांपैकी निदानाचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. रात्री पोटात दुखते म्हणून माणूस तालुक्याच्या रुग्णालयात येतो, तेव्हा त्याला बहुधा गावात एक इंजेक्शन मिळालेले असते आणि हातात सोनोग्राफीचा कागद असतो. त्या कागदावरची शेवटची ओळ केसपेपरवर उतरते आणि तेच निदान ठरते. ‘अपेंडिक्स दिसले नाही’ या वाक्याचा अर्थ अपेंडिक्सला सूज नाही असा घेतला जातो. वास्तविक पोटात गॅस असला, रुग्ण जाड असला किंवा अपेंडिक्स आतड्यामागे असले, तर सुजलेले अपेंडिक्सही दिसत नाही. आल्फ्रेडो आल्वाराडो यांनी १९८६ मध्ये मांडलेली दहा गुणांची पद्धत बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे दुखणे, मेलेली भूक, मळमळ, दाबल्यावर आणि दाबलेला हात सोडल्यावर होणारी वेदना, ताप आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी यांवर उभी आहे. यासाठी लागणारे सारे काही ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातही असते. कमी पडतो तो वेळ, आणि दर तीन-चार तासांनी त्याच हाताने पोट पुन्हा तपासून वेळेसह दोन ओळी लिहिण्याचा शिरस्ता. पहिल्या तपासणीत निदान झाले नाही यात कमीपणा काही नाही. दुसरी तपासणी झालीच नाही, हे मात्र अक्षम्य आहे.

आपल्या मुलखात पोटदुखीची काही कारणे अशी आहेत, की ती सर्जनच्या मनात उशिरा येतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंशाची खूण बहुधा दिसत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे तो पोटात कळ येते म्हणून उठतो. पोट तपासावे तर मऊ लागते. त्याच्या पापण्या जड होऊन खाली येत आहेत का आणि त्याला थुंकी गिळता येते का, हे त्या क्षणी पाहिले तर सर्पदंशाचे उपचार वेळेत सुरू होतात. पाहिले नाही, तर तो ‘पोटदुखी, निरीक्षणाखाली’ या नोंदीखाली सलाइन लावून पडून राहतो आणि त्याचा श्वास मंदावत जातो. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचे पोट शस्त्रक्रियाच लागेल असे वाटावे इतके दुखू शकते. बाळंतपणाच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीच्या पोटदुखीत लघवीची गर्भचाचणी झालीच पाहिजे, कारण गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला तर हातात फार थोडा वेळ असतो. पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेही माणसाच्या बेंबीच्या वरच्या दुखण्यात ईसीजी काढून हृदयविकार नाही ना हे पाहिल्याशिवाय त्याला ॲसिडिटीचे औषध देऊ नये. आणि दुखण्याचे इंजेक्शन दिले की निदान झाकले जाते, म्हणून सर्जन येईपर्यंत रुग्णाला तळमळत ठेवायचे, ही जुनी रीत आता बंद व्हावी. यावर पुरेशा चाचण्या झाल्या आहेत आणि वेदना कमी केल्याने निदान चुकत नाही, हे त्यांतून दिसले आहे. उलट वेदनेने आकसलेल्या माणसाचे पोट नीट तपासताच येत नाही.

म्हणून पूर्वनिदान शस्त्रक्रियेच्या आधी, वेळ टाकून, ज्याने पोट तपासले त्याच्या अक्षरात रजिस्टरमध्ये असावे आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात प्रत्यक्षात काय आढळले ते असावे. वर्षाच्या शेवटी दोन आकडे काढता येतील: किती अपेंडिक्स निरोगी निघाली आणि किती फुटलेली निघाली. पहिला आकडा फार मोठा असेल तर त्या रुग्णालयात घाई होते आहे, दुसरा मोठा असेल तर उशीर होतो आहे. मग तो उशीर घरी झाला, छोट्या रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात पाठवताना झाला की भूलतज्ज्ञ नसल्याने झाला, हे शोधता येते. आज आपल्याला घाई होते की उशीर, हेसुद्धा माहीत नाही.

आता काढलेल्या अवयवाविषयी. पित्ताशय काढले की ते किडनी ट्रेमध्ये ठेवून थिएटरच्या दारात नातेवाइकांना दाखवले जाते, खडे छोट्या बाटलीत घालून त्यांच्या हातात दिले जातात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतर ते पित्ताशय जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. पित्ताशयाचा कर्करोग सुरुवातीला खड्यांच्या आजारासारखाच वागतो, आणि भिंतीच्या आतल्या थरात असलेला छोटा कर्करोग डोळ्यांना न दिसता केवळ सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो. नेमक्या त्याच अवस्थेत तो बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असते. आतड्याच्या तुकड्यातला क्षय, अपेंडिक्सच्या टोकाची बारीक गाठ, साध्या वाटलेल्या स्तनातल्या गाठीतला कर्करोग, हे सारे पिवळ्या पिशवीत जाऊ शकते आणि जातही असेल. किती जाते हे सांगणारी नोंदच आपल्याकडे नाही.

जिथे तुकडा तपासायला पाठवला जातो, तिथेही पाठवण्याची रीत सांभाळली जात नाही. नॉर्मल सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सडू लागतो. त्याला दहा टक्के फॉर्मलीन लागते, आणि तेही तुकड्याच्या आकारमानाच्या सुमारे दहापट. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेल्या गर्भाशयाच्या आतपर्यंत फॉर्मलीन पोचतच नाही. रुग्णाचे नाव झाकणावर लिहिले तर टेबलावर दोन बाटल्या एकदम उघडल्यावर घोटाळा होतो, म्हणून ते बाटलीच्या अंगावर लिहायचे असते. मागणीपत्रावर ‘पित्ताशय’ एवढा एकच शब्द लिहून पाठवले तर पॅथॉलॉजिस्टने कशाचा शोध घ्यायचा? रुग्णाचा त्रास, सोनोग्राफीत काय दिसले, शस्त्रक्रियेत काय आढळले, या तीन ओळी लिहायला दोन मिनिटे लागतात. पुढे अहवाल आठ-दहा दिवसांनी येतो, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो, आणि तो कागद कार्यालयातल्या फायलीत लागतो. अहवाल सर्जनने वाचून सही केली आणि रुग्णाला सांगितला, अशी तारीख रजिस्टरच्या रकान्यात पडेपर्यंत तो रकाना रिकामाच मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या रकान्याचे सामाजिक महत्त्व बीड जिल्ह्याने आपल्याला शिकवायला हवे होते. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली असल्याचे समोर आले. अंगावरून पांढरे जाते, पाळीत रक्त जास्त जाते, ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ अशा बोलण्यावर तिशी-पस्तिशीतल्या बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतल्या, कारण उसाच्या फडात खाडा पडला तर दंड भरावा लागतो. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. परवानगीला माझा विरोध नाही, पण परवानगी कागदावर दिली जाते आणि कागदावर प्रत्येक शस्त्रक्रिया आवश्यकच असते. काढलेले प्रत्येक गर्भाशय तपासले गेले असते आणि त्या अहवालांची रुग्णालयवार यादी दर तीन महिन्यांनी कुणी वाचली असती, तर एकाच रुग्णालयातून तरुण बायकांची निरोगी गर्भाशये ओळीने येत आहेत, हे विधिमंडळात प्रश्न येण्याच्या कितीतरी आधी दिसले असते.

सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टविषयी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायच्या सुरक्षेच्या यादीविषयी, थोडक्यात लिहितो, कारण ती आता बहुतेक थिएटरांच्या भिंतीवर आहे. ज्यांच्या वडिलांचे गाव विदर्भातले उटी, त्या डॉ. अतुल गवांदे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने ती तयार केली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने ती सक्तीची केली, तेव्हा १०१ रुग्णालयांच्या २०१४ मधील अभ्यासात लक्षणीय फरक दिसला नाही. माझ्या मते यातून घेण्यासारखा बोध असा, की चिरा देण्याआधी सर्वांनी हातातले काम थांबवून रुग्णाचे नाव, बाजू आणि शस्त्रक्रिया मोठ्याने म्हटली तर तिचा उपयोग होतो. दिवसभराच्या शस्त्रक्रिया संपल्यावर सिस्टरने एकटीने बसून दहा कागदांवर खुणा केल्या तर होत नाही. आपल्याकडे कोणता प्रकार चालतो, हे आपण सर्वजण जाणतो.

जखमेच्या रकान्याने पैसाही वाचेल. प्रतिजैविकाची एक मात्रा चिरा देण्याआधी, दोन तासांच्या आत, द्यायची आणि स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर ती लांबवायची नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींत स्वच्छ लिहिलेले आहे. आपल्याकडे मात्र हर्नियानंतरही पाच दिवस दोन-दोन इंजेक्शने चालतात. आदल्या रात्री वॉर्डात वस्तऱ्याने केस काढू नयेत, हेही त्या शिफारशींत आहे. भारतासह सात देशांतल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पोट शिवण्याआधी सर्वांनी हातमोजे बदलले आणि निर्जंतुक केलेली नवी हत्यारे घेतली एवढ्यानेच जखमेतला संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. या उपायांचा आपल्या रुग्णालयात उपयोग झाला की नाही, हे तिसाव्या दिवसाच्या नोंदीशिवाय कळायचा मार्ग नाही.

ती नोंद घेण्याची वाट महाराष्ट्रात आधीच पडलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या आपल्या संस्थेत उभी केलेली नवजात बाळाच्या घरभेटींची पद्धत पुढे देशभरातल्या आशांकडे गेली, आणि रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशा ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते. सिझेरियन झालेल्या बाईचे टाके त्याच भेटीत पाहणे आणि लाली, पू किंवा ताप असेल तर रुग्णालयाला कळवणे, एवढी भर घालता येईल. अर्थात ते काम आशांवर फुकट लादू नये. त्याचा वेगळा मोबदला ठरवावा आणि वेळेवर द्यावा. इतर शस्त्रक्रियांसाठी तिसाव्या दिवशी रुग्णालयातून एक फोन पुरेसा आहे, पण तो कुणी करायचा हे नावानिशी ठरलेले हवे.

छोट्या गावातल्या सर्जनने निकाल नीट ठेवले तर त्याची दखल जग घेते, याचे उदाहरण धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे आहे. डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या आयात जाळीऐवजी निर्जंतुक केलेली मच्छरदाणीची जाळी वापरली, रुग्णांचा पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये आपले निकाल प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०० हून अधिक पुरुषांवर शास्त्रशुद्ध तुलनात्मक चाचणी होऊन २०१६ मध्ये तिचा अहवाल आला, तेव्हा स्वस्त जाळी महागड्या जाळीइतकीच चांगली ठरली. पाठपुराव्याची नोंद नसती, तर ती एका गावातली जुगाडाची गोष्ट म्हणून विरून गेली असती.

आता भीतीविषयी. चुका लिहून ठेवल्या तर त्या उद्या न्यायालयात, चौकशीत किंवा रुग्णालयाची तोडफोड करायला आलेल्या जमावाच्या हातात जातील, ही माझ्या व्यवसायबंधूंची भीती खरी आहे आणि तिची वासलात लावल्याशिवाय हे रकाने प्रामाणिकपणे भरले जाणार नाहीत. केसपेपर आणि अहवाल हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात काहीही लपवता कामा नये. परंतु दर महिन्याला मृत्यू आणि गुंतागुंतींवर होणाऱ्या आपसांतल्या चर्चेचे टिपण वेगळे असावे, त्यात रुग्णाचे किंवा डॉक्टरचे नाव नसावे, आणि ते खातेनिहाय चौकशीत पुरावा म्हणून वापरले जाणार नाही असे शासनाने लेखी द्यावे. केरळमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंचे गोपनीय परीक्षण याच तत्त्वावर चालवले आहे. आपल्याकडेही मातामृत्यू अन्वेषण जिल्हा पातळीवर होते, मग हर्नियाच्या किंवा फुटलेल्या आतड्याच्या रुग्णाचा मृत्यू चर्चेविना का जावा? त्या बैठकीत थिएटर सिस्टर, भूलतज्ज्ञ आणि वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर बसल्याच पाहिजेत, कारण रुग्ण रात्री केव्हा खालावला हे बहुधा त्यांनाच आधी दिसलेले असते.

शासनाकडे तीन गोष्टींसाठी पैसा मागतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट आणि काचपट्ट्या तयार करणारा तंत्रज्ञ यांची पदे भरलेली असावीत, आणि तालुक्यांतून फॉर्मलीनच्या बाटल्या आठवड्यातून दोनदा तिथे नेणारी गाडी असावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अवयव काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी तपासणीची रक्कम पॅकेजपासून वेगळी मोजावी, म्हणजे ती वाचवण्याचा मोह रुग्णालयाला होणार नाही, आणि अहवाल जोडल्याशिवाय दावा पूर्ण झाला असे मानू नये. तिसरी गोष्ट म्हणजे ५० किंवा त्याहून अधिक खाटांच्या प्रत्येक रुग्णालयात या नोंदी आणि फोन यांच्यासाठी एक माणूस, ज्याला दुसऱ्या कोणत्याही कामाला लावले जाणार नाही. खासगी रुग्णालयांसाठी हीच अट शुश्रूषागृह नोंदणीच्या नूतनीकरणाला जोडता येईल.

शल्यचिकित्सकांना मात्र शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. सध्याच्या ओटी रजिस्टरच्या उजव्या पानावर पट्टीने चार रेघा ओढून येत्या सोमवारच्या शस्त्रक्रियांपासून हे सुरू करता येईल. ज्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयाला रकाने आखून घेण्यासाठी, मासिक बैठक बसवण्यासाठी किंवा पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी वाचून त्यांतून काय दिसते ते सांगण्यासाठी कुणी हवे असेल, तिथे मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शल्यचिकित्सक